आरोपी ‘मनोरुग्ण’ असल्याचे समजते… मग पुढे काय होते? समजून घ्या

‘आरोपी मनोरुग्ण असल्याचे समजते.’ खुनाच्या बातमीच्या शेवटी हे वाक्य अनेकदा येते. बातमी भूमची असो, परंड्याची असो की उमरग्याची. ती व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली की दोन प्रकारचे मेसेज सुरू होतात. एक म्हणतो, ‘झालं, आता हा सुटणार.’ दुसरा म्हणतो, ‘बिचाऱ्याला काही कळत नव्हतं.’

कायद्याच्या नजरेने दोन्ही मेसेज घाईचे आहेत. आजाराच्या नुसत्या नावावर कोणी सुटत नाही. आणि ‘कळत नव्हतं’ हे गावाने ठरवायचे नसते. त्यासाठी डॉक्टरांची तपासणी, जुने कागद, साक्षी आणि शेवटी न्यायालयाचा निर्णय लागतो. ही तपासणी वेळेवर झाली नाही, तर मृताच्या घरच्यांचा न्याय अडतो आणि आजारी आरोपीचे उपचारही अडतात.

प्रश्न दोन, तारखाही दोन

सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. न्यायालयापुढे दोन वेगळे प्रश्न असतात.

पहिला प्रश्न घटनेच्या दिवसाचा: कृत्य करताना आरोपीला आपण काय करतोय, ते चूक आहे, हे समजत होते का?

दुसरा प्रश्न आजचा: त्याच्यावर कोणता आरोप आहे हे त्याला कळते का? वकिलाला तो आपली बाजू सांगू शकतो का? थोडक्यात, तो खटल्याला सामोरे जाण्याच्या स्थितीत आहे का?

दोन्हींची उत्तरे वेगळी असू शकतात. घटनेच्या दिवशी भ्रमात असलेला माणूस उपचारांनंतर सहा महिन्यांनी नीट बोलू शकतो. उलट, गुन्हा करताना पूर्ण शुद्धीत असलेला माणूस तुरुंगात गेल्यावर आजारी पडू शकतो. त्यामुळे ‘आरोपी सध्या ठीक आहे’ या एका ओळीच्या प्रमाणपत्राने पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

कलम २२ काय म्हणते?

भारतीय न्याय संहितेतले कलम २२ म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानातले कलम ८४. मनोविकलतेमुळे आपल्या कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे समजण्यास जी व्यक्ती त्या क्षणी असमर्थ असते, तिचे कृत्य गुन्हा ठरत नाही, असे हे कलम सांगते.

या नियमाचे मूळ १८४३ मधल्या लंडनमध्ये आहे. मॅकनॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सचिवाचा गोळी घालून खून केला. सरकार आपल्या जिवावर उठले आहे, असा भ्रम त्याला झाला होता. ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले आणि देशभर ओरड झाली. त्यानंतर तिथल्या न्यायाधीशांनी जी कसोटी घालून दिली, ती १८६० च्या दंड विधानात आली आणि आजही जवळपास तशीच आहे.

२०२३ मध्ये नव्या संहितेचा पहिला मसुदा आला तेव्हा त्यात ‘मनोविकलता’ऐवजी ‘मानसिक आजार’ असा शब्द होता. मानसिक आजाराच्या प्रचलित व्याख्येत दारू व अमली पदार्थांमुळे होणाऱ्या अवस्थाही येतात. तो शब्द ठेवला असता तर बचावाची व्याप्ती भलतीच वाढली असती. संसदीय समितीने हे लक्षात आणून दिल्यावर जुना शब्द परत आला. आजही स्वतःहून घेतलेल्या दारूच्या नशेला कलम २२ चे संरक्षण नाही.

रागीट स्वभाव, विचित्र वागणे, कधीकाळी घेतलेल्या गोळ्या एवढ्याने भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. वैद्यकीय अर्थाने आजारी असणे आणि कायद्याच्या अर्थाने मनोविकल असणे यात फरक आहे. बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. मात्र १९६४ च्या डाह्याभाई ठक्कर खटल्यातील निकालानुसार, त्याला तो सरकारी पक्षाइतका संशयातीत सिद्ध करावा लागत नाही. शक्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकते एवढे दाखवणे पुरेसे असते. त्यासाठी घटनेच्या आधीचे, घटनेच्या वेळचे आणि नंतरचे वर्तन तपासले जाते.

महाराष्ट्रातल्या पोलिस शिपायाचा खटला

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात दिसते. एप्रिल १९९४ मध्ये एका पोलिस शिपायाने दगडी वरवंट्याने पत्नीचा खून केला. सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला कलम ८४ चा लाभ दिला.

न्यायालयाने पाहिले ते असे. वडिलांनाही मानसिक आजार होता. शिपायावर १९९२ पासून उपचार सुरू होते आणि निदान होते पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. घटनेनंतर २७ जून ते ५ डिसेंबर १९९४ या काळात त्याला २५ वेळा उपचारांसाठी रुग्णालयात न्यावे लागले. खुनाचा हेतू म्हणून पुढे आले ते एवढेच, की त्याने पोलिसाची नोकरी सोडू नये असे पत्नीचे म्हणणे होते. खून दिवसाढवळ्या झाला. त्याने लपण्याचा किंवा पळण्याचा प्रयत्न केला नाही.

यातला एकही मुद्दा एकटा पुरेसा नव्हता. सगळे एकत्र ठेवल्यावर चित्र उभे राहिले. आणि ते उभे राहिले कागदांमुळे: १९९२ चे निदान, रुग्णालयाच्या तारखा, डॉक्टरांची साक्ष. हे कागद नसते तर?

खटला थांबतो कधी?

आरोपी खटल्याला सामोरे जाण्याच्या स्थितीत नाही असे वाटले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम ३६७ आणि ३६८ लागू होतात. न्यायालय ही बाब आधी तपासते. जिल्हा शल्यचिकित्सक आरोपीला मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतात. त्यांचा निष्कर्ष मान्य नसेल तर वैद्यकीय मंडळाकडे दाद मागता येते. त्या मंडळात जवळच्या सरकारी रुग्णालयातील मनोविकार विभागाचे प्रमुख आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील या विषयाचे अध्यापक असतात.

आरोपी असमर्थ ठरला, तर न्यायालय आधी पुरावा पाहते. प्रथमदर्शनी प्रकरणच नसेल तर खटला तिथेच संपतो. प्रकरण असेल तर खटला थांबतो आणि उपचार सुरू होतात. आरोपी बरा झाला की खटला पुन्हा चालू होतो.

सोंग ओळखता येते का?

लोकांच्या मनातला मोठा प्रश्न हाच. ही तपासणी म्हणजे नार्को चाचणी नव्हे. तज्ज्ञ आरोपीशी एकापेक्षा जास्त वेळा बोलतात. गरज पडल्यास त्याला वॉर्डात ठेवून झोप, जेवण, स्वच्छता आणि इतरांशी वागणे यांची नोंद ठेवतात. नातेवाइकांकडून पूर्वेतिहास घेतात, जुनी औषधे पाहतात, मानसशास्त्रीय चाचण्या करतात. डॉक्टरांसमोर बडबडणारा माणूस रात्री वॉर्डात शांतपणे गप्पा मारत असेल तर ते नर्सच्या नोंदवहीत येते. त्यामुळेच दहा मिनिटांच्या ओपीडीत केलेली तपासणी फारशी भरवशाची नसते.

तज्ज्ञ फक्त मत देतात. दोषी की निर्दोष, हे न्यायाधीशच ठरवतात.

‘सुटला’ म्हणजे घरी गेला?

मनोविकलतेच्या कारणाने निर्दोष ठरवताना, कृत्य आरोपीने केले होते की नाही, हे न्यायालयाला निकालात स्पष्ट लिहावे लागते. मृताच्या घरच्यांसाठी ही नोंद मोलाची असते. कृत्य त्यानेच केले असे ठरले, तर कलम ३७४ नुसार त्याला सुरक्षित देखरेखीखाली ठेवले जाते, किंवा योग्य हमी घेऊन नातेवाइकांकडे सोपवले जाते.

धोका उलट दिशेनेही आहे. आसाममधल्या एका आदिवासी तरुणाला १९५१ मध्ये अटक झाली आणि त्याची रवानगी तेजपूरच्या मनोरुग्णालयात झाली. १९६७ मध्ये डॉक्टरांनी त्याला बरा ठरवले, तरी खटला चाललाच नाही. तो बाहेर आला २००५ मध्ये, ५४ वर्षांनी. ‘आजारी’ हा शिक्का सुटकेचा नसून विसरले जाण्याचाही असू शकतो.

शिक्षेच्या टप्प्यावरही मनाची स्थिती पाहावी लागते. अल्पवयीन मुलींवरील अत्याचार आणि हत्येच्या महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फाशीचे रूपांतर आमरण कारावासात केले. कारण होते शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार. गोपनीयतेसाठी निकालात आरोपीचे नाव ‘एक्स’ असे ठेवले आहे. २०२२ च्या मनोज खटल्यात तर न्यायालयाने, फाशीचा विचार करण्यापूर्वी आरोपीचे मानसिक मूल्यमापन मागवावे, असे सांगितले.

धाराशिवमध्ये अडते कुठे?

राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातले एकही नाही. धाराशिवहून येरवडा सुमारे अडीचशे किलोमीटर. एका आरोपीला निरीक्षणासाठी न्यायचे म्हणजे पोलिस बंदोबस्त, गाडी, खाट आणि तारीख हे सगळे जुळून यावे लागते.

घरची परिस्थितीही साधी नाही. आजार दिसू लागला की अनेक घरांत पहिली फेरी देवऋषाकडे होते. डॉक्टर गाठले तरी कळंब, वाशी, भूममधले कुटुंब ऊसतोडीला गेले की गोळ्या तुटतात आणि चिठ्ठ्या हरवतात. मग न्यायालयात दाखवायला ‘तो आधीपासून तसाच होता’ या तोंडी वाक्यापलीकडे काही उरत नाही.

इथे पहिली जबाबदारी पोलिसांची. आरोपीला पूर्वी मानसिक आजार होता असे तपासात दिसले, तर त्याची वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा न्यायालयापुढे ठेवणे हे प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे; तसे न केल्यास सरकारी पक्षाची बाजू दुबळी होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच म्हटले आहे. म्हणजे तपासणी टाळून आरोपी अडकत नाही, उलट खटलाच कच्चा राहतो.

अटकेनंतर लगेच होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत अंगावरच्या जखमा नोंदवल्या जातात. गंभीर गुन्ह्यांत त्याच वेळी मनाच्या स्थितीचीही नोंद व्हायला हवी. घटनेच्या सर्वांत जवळची ती वेळ असते आणि नंतर कोणताही तज्ज्ञ ती परत आणू शकत नाही. धाराशिवमध्ये आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिली तपासणी आणि प्राथमिक निरीक्षण इथेच व्हावे, येरवड्याची वाट गरज असेल तेव्हाच धरावी. आणि ज्यांचे खटले या कारणाने थांबले आहेत, त्यांची यादी जिल्हा न्यायालयापुढे ठरावीक काळाने यावी. कारण थांबलेल्या खटल्यात मृताचे कुटुंबही थांबलेलेच असते.

घरच्यांनी काय करावे?

घरात कोणाला मानसिक आजार असेल तर उपचारांची चिठ्ठी, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. प्रकरण न्यायालयात असेल आणि वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. आणि गोष्ट हाताबाहेर जाण्याआधी बोलायचे असेल, तर सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन आहे. नंबर १४४१६. कोर्टाची पायरी चढण्याच्या कितीतरी आधी हा फोन लावता येतो.