करंट रेशो दोन, आणि खिशात दमडी नाही!

"करंट रेशो म्हणजे काय?"

कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये हा प्रश्न आला तेव्हा मी मनातल्या मनात टाळीच वाजवली. इलेक्ट्रिकलच्या पोराला याहून सोपा प्रश्न कोणता विचारणार? मी ठणकावून सांगितलं, "सर, करंट ट्रान्सफॉर्मरचा रेशो. शंभरास पाच, दोनशेस पाच..."

समोरचे सर हसले. म्हणाले, "तुमचा करंट तारेतून वाहतो हो. मी बँकेच्या खात्यातून वाहणाऱ्या करंटबद्दल विचारतोय."

नोकरी काही मिळाली नाही. पण प्रश्न डोक्यात किड्यासारखा वळवळत राहिला. त्यातच आमच्या एका सीनियरची गोष्ट कानावर आली. तो एका छोट्या पवनऊर्जा कंपनीत साइट इंजिनियर. पवनचक्क्या झकास फिरत होत्या, कंपनी कागदावर फायद्यात होती, आणि तरी याचा तीन महिने पगार नाही! "कंपनी तोट्यात असती तर समजलं असतं रे, पण ही तर नफ्यात आहे," तो म्हणाला. त्याच्या या एका वाक्यासाठी मी लायब्ररीत कॉमर्सची पुस्तकं उघडली. (लायब्ररियन मॅडमनी दोनदा आयकार्ड तपासलं, ते वेगळं.)

तर मित्रहो, करंट रेशो म्हणजे चालू गुणोत्तर. येत्या वर्षभरात ज्याचे पैसे होतील अशी मालमत्ता, म्हणजे हातातली रोकड, गिऱ्हाइकांकडून येणं, स्टोअरमधले सुटे भाग वगैरे. तिला भागायचं येत्या वर्षभरात जी देणी फेडायची आहेत त्यांनी. उत्तर एकापेक्षा जास्त आलं तर ठीक, दोन आलं तर उत्तम, असं पुस्तक सांगतं. आपल्या बँकांना मात्र १.३३ हा आकडा जास्त ओळखीचा. रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये नेमलेल्या टंडन समितीने खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी जी दुसरी पद्धत सुचवली, तिच्यातून तो आला. चालू मालमत्तेतला निदान २५ टक्के हिस्सा कंपनीने दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा करायचा, की गुणोत्तर आपोआप १.३३ होतं.

इथपर्यंत सगळं सोपं. माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. छोट्या वीज कंपनीच्या बाबतीत हा आकडा एकटा वाचला तर तो नुसता अपुरा पडत नाही, चक्क उलटं सांगतो. आजारी कंपनी धडधाकट दिसते आणि धडधाकट कंपनी आजारी!

कसं ते एका हिशोबाने पाहू. आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले. समजा १० मेगावॅटची पवनऊर्जा कंपनी आहे. वर्षाला क्षमतेच्या २० टक्के वीज होते, म्हणजे १ कोटी ७५ लाख २० हजार युनिट. दर युनिटला ५ रुपये धरला तर वर्षाची विक्री ८ कोटी ७६ लाख. महिन्याला सरासरी ७३ लाख. सगळी वीज एकाच गिऱ्हाइकाला जाते, राज्याच्या वितरण कंपनीला.

आता अशा दोन कंपन्या घ्या, 'अ' आणि 'ब'. दोघींच्या पवनचक्क्या सारख्या, विक्री सारखी. दोघींची वर्षभरातली चालू देणीही सारखी, ४ कोटी: मुदत कर्जाचे हप्ते २ कोटी ८० लाख, देखभाल कंत्राटदाराचे ६० लाख, बँकेचं खेळतं कर्ज ५० लाख, किरकोळ १० लाख.

'अ'ची बिलं दहा महिन्यांची थकलेली. ३१ मार्चच्या ताळेबंदात येणं ७ कोटी ३० लाख, सुटे भाग ५० लाख, बँकेत २० लाख. एकूण ८ कोटी. करंट रेशो २.०. वा! पुस्तकातला आदर्श!

'ब'ला पैसे दोन महिन्यांत मिळतात. येणं १ कोटी ४६ लाख, सुटे भाग ५० लाख, बँकेत १ कोटी ६४ लाख. एकूण ३ कोटी ६० लाख. करंट रेशो ०.९. पुस्तकाप्रमाणे नापास, सरळ एटीकेटी!

आता एप्रिल ते जून या तीन महिन्यांत काय भरायचंय ते बघा. कर्जाचा तिमाही हप्ता ७० लाख, त्यावरचं व्याज समजा ५० लाख, कंत्राटदाराचे ६० लाख, किरकोळ १० लाख. झाले १ कोटी ९० लाख. 'ब'कडे रोकड आणि दोन महिन्यांत येणारी वसुली मिळून ३ कोटी १० लाख आहेत. ती भरून मोकळी होईल. 'अ'कडे आहेत २० लाख आणि एक फाइल, जिच्यावर 'बिले सादर' असं लिहिलंय. मग पहिल्यांदा काय थांबणार? बँकेचा हप्ता थांबवता येत नाही, कंत्राटदार थांबला तर पवनचक्की थांबते. थांबतो तो आमच्या सीनियरचा पगार.

तुम्ही म्हणाल, दहा महिने पैसे नाहीत तर 'अ'ने गेल्या वर्षीचे हप्ते कुठून भरले? चांगला प्रश्न. मालकांनी पदरचे घातले, आणि ते कंपनीला दिलेलं दीर्घ मुदतीचं कर्ज म्हणून दाखवलं. ते वर्षभरात फेडायचं नाही, म्हणून चालू देण्यांत येत नाही. म्हणजे वर थकबाकी फुगत गेली आणि खाली देणी वाढली नाहीत. गिऱ्हाईक जितकं बुडवणार, तितका रेशो सुधारणार!

आणि नफ्याचं म्हणाल तर हिशोबात बिल पाठवलं की उत्पन्न धरलं जातं, पैसे हातात येवोत न येवोत. म्हणून 'अ' नफ्यातही आहे. सीनियरच्या कोड्याचं उत्तर इथे होतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे केव्हीए आणि किलोवॅटसारखं आहे. मीटरवर केव्हीए भरपूर दिसतात, पण काम करतात ते किलोवॅट. पॉवर फॅक्टर न विचारता नुसते केव्हीए सांगणाऱ्याला आपण व्हायवात उभं करतो. मग वसुलीचा फॅक्टर न विचारता करंट रेशो सांगणाऱ्याला का सोडायचं?

साबणाच्या कारखान्यापेक्षा वीज कंपनी वेगळी पडते ती तीन कारणांनी. एक, तिच्याकडे विकायला ठेवलेला माल नसतो. वीज तयार झाली त्याच क्षणी गेली. वारा आणि पाणी यांचा कच्चा मालही गोदामात नसतो. त्यामुळे माल वगळून काढायचा क्विक रेशो इथे फारसं नवीन सांगत नाही. 'अ'चा क्विक रेशो काढून बघा, १.८७ येतो. तोही खोटा धीर देतो. दोन, साबणवाल्याची हजार गिऱ्हाइकं असतात, इथे बहुतेक वेळा एकच. तीन, हंगाम. महाराष्ट्रात वाऱ्याचा जोर मुख्यतः पावसाळ्यातल्या महिन्यांत. ताळेबंद मात्र ३१ मार्चचा. त्या एका दिवसाचा फोटो पाहून वर्षाची तब्येत सांगणं म्हणजे मे महिन्यात ओढा पाहून पुराचा अंदाज बांधणं.

एकच गिऱ्हाईक असलं की काय होतं, ते आपल्या राज्याला नव्याने सांगायला नको. दाभोळचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये वीज मंडळाशी पैशांचा वाद विकोपाला जाऊन प्रकल्प बंद पडला. तिथे वीज महाग होती, वाद मोठा होता, दोष कुणाचा यावर आजही भांडणं होतील. पण एवढ्या अवाढव्य कंपनीला एकच गिऱ्हाईक पेललं नाही, तर १० मेगावॅटवाल्याची काय कथा! आंध्र प्रदेशात २०१९ नंतर पवन आणि सौर कंपन्यांची बिलं दराच्या वादात अडकली. शेवटी मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने कराराच्या दरानेच थकबाकी द्यायला सांगितलं. मधल्या काळात त्या कंपन्यांच्या ताळेबंदात हे सगळं 'चालू मालमत्ता' म्हणून बसू शकत होतं. चालू कसली, लंगडी मालमत्ता!

सरकारने काही केलं नाही असं नाही. ऑगस्ट २०१९ पासून वितरण कंपन्यांना वीज घेण्याआधी बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट देणं बंधनकारक झालं. जून २०२२ मध्ये विलंब अधिभाराचे नियम आले. जुनी थकबाकी कमाल ४८ मासिक हप्त्यांत फेडायची, आणि नाही फेडली तर वितरण कंपनीची वीजखरेदीची मुभा टप्प्याटप्प्याने आवळायची.

आता गंमत बघा. समजा या पद्धतीने 'अ'ची ५ कोटी ८४ लाखांची जुनी थकबाकी ४८ हप्त्यांत बांधून मिळाली. दर महिन्याला १२ लाखांच्या वर खात्रीचे पैसे येणार. मालकाने पेढे वाटायला हवेत. पण वर्षभरात येणार फक्त पहिले १२ हप्ते, म्हणजे १ कोटी ४६ लाख. बाकीचे ४ कोटी ३८ लाख चालू मालमत्तेतून उठून दीर्घ मुदतीच्या खान्यात जाणार. चालू मालमत्ता उरली ३ कोटी ६२ लाख आणि रेशो २.० वरून थेट ०.९ वर! तब्येत सुधारली आणि रिपोर्ट बिघडला. नुसता आकडा बघणारा त्याच दिवशी घाबरून पळेल.

मग करंट रेशो फेकून द्यायचा का? अजिबात नाही. थर्मामीटरने निदान होत नाही, म्हणून कुणी थर्मामीटर फेकत नाही. एकाच कंपनीचा चार-पाच वर्षांचा रेशो ओळीने मांडला तर काहीतरी बदललंय एवढं तो नक्की सांगतो. काय बदललंय ते मात्र आपण विचारायचं. माझ्या मते चार प्रश्न पुरतात.

पहिला, येणं किती जुनं? वार्षिक विक्रीशी भागून ३६५ ने गुणा. 'ब'चं उत्तर ६१ दिवस, 'अ'चं ३०४ दिवस. सगळं गुपित या दोन आकड्यांत आहे. दुसरा, देणारा कोण आणि हमी काय? लेटर ऑफ क्रेडिट खरंच चालू आहे की नुसतं करारात लिहिलंय? तिसरा, बँकेतली रोकड मोकळी आहे का? कर्ज देणाऱ्या बँका बरेचदा काही महिन्यांच्या हप्त्यांइतके पैसे राखीव खात्यात ठेवायला लावतात. ते दिसतात रोकड म्हणून, पण पगाराला हात लावता येत नाही. उलट, मंजूर असलेलं पण न उचललेलं खेळतं कर्ज रेशोत दिसतच नाही, आणि अडचणीला तेच धावून येतं. चौथा, पुढच्या ९० दिवसांत किती येणार आणि किती जाणार? वर्षाचा रेशो राहू दे, हा एक कागद दाखवा म्हणावं.

हे प्रश्न विचारायला आता सी.ए. असावं लागत नाही. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात मार्च २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून कंपन्यांना येणं किती जुनं आहे याचा तक्ता द्यावा लागतो: सहा महिन्यांच्या आतलं, वर्षाच्या आतलं, दोन, तीन वर्षांचं आणि त्याहून जुनं. करंट रेशोही छापावा लागतो, आणि तो आधीच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदलला तर कारण लिहावं लागतं. म्हणजे उत्तरपत्रिका समोर आहे, आपण फक्त पान उलटत नाही.

आपल्यातले कितीतरी जण पुढे सौर, पवन, छोट्या जलविद्युत कंपन्यांत जाणार आहेत. नोकरी घेताना आपण पॅकेज विचारतो, पोस्टिंग विचारतो, बाँड किती वर्षांचा ते विचारतो. गिऱ्हाईक कंपनीला पैसे किती दिवसांनी देतं, हे कुणी विचारत नाही. आणि कुणी स्वतःची कंपनी काढायची स्वप्नं बघत असेल तर त्याने हे दुप्पट लक्षात ठेवावं. छोटी कंपनी बुडते ती बहुधा तोट्याने नाही, वाट बघून बघून बुडते. आपल्या अभ्यासक्रमात इकॉनॉमिक्सचा एखादा पेपर असतो, तो आपण आदल्या रात्री गाईड वाचून काढतो. निदान एका छोट्या वीज कंपनीचा खरा ताळेबंद वर्गात उघडून वाचायचं एक प्रॅक्टिकल त्यात असावं, एवढं माझं मागणं आहे. जर्नल लिहायला मी तयार आहे!

सीनियरचा पगार शेवटी आला, चौथ्या महिन्यात, तीन हप्त्यांत. त्याने फोन करून पार्टी दिली. मी विचारलं, "तुमच्या कंपनीचं येणं किती दिवसांचं आहे रे?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे मला जॉइन व्हायच्या आधी का नाही सांगितलंस?"

म्हणून आता सगळ्यांना सांगतोय.

(अंतिम वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)