संगीत गोवेकरांच्या रक्तात नव्हते, ते शाळेत शिकवले जात होते

१/ 'गोवेकरांच्या रक्तातच संगीत असते' हे वाक्य मराठी माणसाने इतक्या वेळा उच्चारले आहे की त्यात एक ऐतिहासिक दावा दडलेला आहे, हेही आता कोणाच्या ध्यानात येत नाही. वाक्य कौतुकाचे आहे, पण चुकीचे आहे आणि थोडे अन्यायाचेही. सात-आठ वर्षांच्या मुलांना स्वर वाचायला शिकवण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या गावोगावच्या शिक्षकांचे श्रम ते पुसून टाकते. हा धागा त्या शिक्षकांविषयी.

२/ पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा शहर घेतले. साष्टी व बारदेश १५४३ मध्ये त्यांच्याकडे आले. पुढे साष्टीत जेझुइटांनी आणि बारदेशात फ्रान्सिस्कनांनी धर्मप्रसार केला, गावोगाव चर्च उभी राहिली आणि त्यांच्या आश्रयाने मुलांच्या शाळा निघाल्या. हेतू सरळ होता. मिस्सा गायची तर गायक हवेत, वाजवणारे हवेत, आणि ते दर गावात हवेत. युरोपातून इतकी माणसे आणणे अशक्य होते.

३/ या शाळांतून धर्मशिक्षण, अक्षरओळख आणि संगीत शिकवले जाई. शिकवणारा 'मेस्त्रे' बहुधा स्थानिक गोवेकरच असे. त्याचे मानधन चर्चच्या, आणि अनेक ठिकाणी गावकरीच्या म्हणजे कोमुनिदादच्या उत्पन्नातून निघे.

४/ त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. मूल आले म्हणून हाती व्हायोलिन मिळत नसे. आधी सोल्फेजो: पाच रेषांवरील स्वर पाहायचा, त्याचे नाव घेत तो गायचा आणि त्याच वेळी हाताने मात्रा द्यायची. डोळा, गळा आणि हात एकाच वेळी कामाला. हे पक्के होईपर्यंत वाद्य नाही. (मुलांना हे आवडत असेल असे मानण्याचे कारण नाही. मेस्त्रेची छडी हा गोव्याच्या आठवणींतील कायमचा विषय आहे.) मग व्हायोलिन, ज्याला कोंकणीत 'रबेक' म्हणतात; कोणाच्या वाट्याला क्लॅरिनेट किंवा कॉर्नेट.

५/ आणि शिकलेले लगेच कामी येई. रविवारी चर्चमध्ये, गावच्या फेस्ताला, वाड्यावरच्या क्रुसापुढे लदीन गाताना मुलांची गरज भासे. कार्यक्रम, बक्षीस, परीक्षा यांपैकी काही नसले तरी मूल तालमीला येई, कारण त्याच्यावाचून रविवारचे गायन अडत असे. या शाळांच्या यशाचे खरे मर्म येथे आहे. शिक्षणपद्धती उत्तम होती, पण नुसत्या पद्धतीने ती शतकानुशतके टिकली नसती.

६/ येथे एक आक्षेप येतो आणि तो योग्य आहे. हे संगीत सत्तेच्या बळावर आले. इन्क्विझिशनच्या १७३६ च्या आज्ञापत्राने ख्रिस्ती झालेल्यांच्या लग्नांतील देशी वाद्ये आणि ओव्या यांवर बंदी घातली. एकीकडे मुलांच्या हाती रबेक दिले जात होते, तर दुसरीकडे आजीच्या तोंडची ओवी गुन्हा ठरत होती. शाळाही सर्वांना सारखी नव्हती. तिथे प्रामुख्याने मुलगेच दिसत. भाटकारांच्या मुली घरी पियानो शिकत. गावच्या कोंफ्रारिया जातींत विभागलेल्या होत्या.

७/ म्हणून 'पोर्तुगीजांनी संगीत दिले' हे विधानही 'रक्तात संगीत' इतकेच अपुरे ठरते. राजाने आणि पाद्र्यांनी चौकट दिली. ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली गोव्याच्या मेस्त्रेने, गावाच्या पैशावर.

८/ आता मुंबईकडे. चित्रपट बोलू लागले आणि संगीतकारांना मोठे वाद्यवृंद हवे झाले. पुष्कळ संगीतकार चाल गाऊन किंवा पेटीवर वाजवून सांगत. ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहायचा आणि वादकांनी तो समोर येताच वाचून वाजवायचा, या कामासाठी पाच रेषांची लिपी वाचणारी माणसे लागत. ती गोव्याच्या खेड्यांत तयार होती. लहानपणी चर्चसाठी शिकलेल्या सोल्फेजोवर हिंदी चित्रपटसंगीताचा ध्वनी उभा राहिला, हे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

९/ माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे ठळक उदाहरण. जन्म १९२७, वडील गावच्या चर्चमध्ये संगीतशिक्षक. मुलाने त्यांच्याकडूनच विद्या घेतली आणि कोवळ्या वयातच तो स्वतः इतर मुलांना शिकवू लागला. १९४३ मध्ये ते मुंबईत नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत होते. तिथे त्यांच्याकडे शिकलेल्यांपैकी एक म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतील प्यारेलाल. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील त्या सुप्रसिद्ध गाण्यात शिष्याने गुरूचे नाव गुंफले. ते नाव देशभर पोहोचले. ते खऱ्या माणसाचे आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक.

१०/ त्यामागे 'रक्त' शोधायचे तर बाप-लेकाचे नाते सापडते खरे. पण त्याच गावांतील इतर घरांची मुलेही जहाजांवर, हॉटेलांत, पोलीस बँडांत आणि स्टुडिओंत वाजवत होती. त्यांचा समान धागा रक्ताचा नव्हता, इयत्तेचा होता.

११/ महाराष्ट्राला हे परके वाटू नये. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे मृदंग शिकणाऱ्या मुलालाही आपण कोठे वाजवणार हे ठाऊक असते: कीर्तनात आणि वारीत. धर्म वेगळा, वाद्य वेगळे, रचना तीच. शहरी क्लासमध्ये दोन वर्षे कीबोर्ड शिकून सोडणाऱ्या मुलाला आपण 'आवड नाही' म्हणतो. त्याच्या वाजवण्याची कोणाला गरज होती का, हे मात्र विचारत नाही.

१२/ चर्चच्या या शाळा विसाव्या शतकात एकामागून एक बंद पडत गेल्या. पणजीत १९५२ मध्ये आकादेमिया द म्युझिका सुरू झाली, पुढे कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आला. शिक्षण रीतसर झाले, पण त्यासाठी शहर गाठावे लागू लागले. गावचा मेस्त्रे गेल्यावर त्याच्या जागी पगारी संगीतशिक्षक नेमावा, ही मागणी स्वतंत्र गोव्यात जोराने व्हायला हवी होती. 'रक्तात संगीत' असलेल्यांना शिक्षक कशाला, या समजुतीने तिची निकड कोणाला भासली नसावी.