व्हिसा आला, पण कुत्र्याचे काय? परदेशी नेण्यासाठी चार महिने का लागतात?

कर्जत, खालापूर : परदेशातील नोकरी पक्की होते, सामानाची आवराआवर सुरू होते आणि प्रश्न उरतो घरच्या कुत्र्याचा. इथे पैशांइतकाच वेळही मोजावा लागतो.

आधी काय करायचे?
युरोपीय संघाच्या नियमानुसार आधी १५ अंकी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. चिपआधी टोचलेली लस धरली जात नाही. म्हणजे कर्जत किंवा खोपोलीत दरवर्षी लस दिली असली, तरी चिप नसेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

चार महिने कसे?
लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. अहवाल योग्य आला, तरी नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबावे लागते.

इतर देशांत?
अमेरिकेत १ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांखालील कुत्र्यांना प्रवेश नाही. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट नेता येत नाही. आधी मान्यताप्राप्त देशात ठेवावे लागते.

मागे सोडले तर?
उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये. एवढ्या दंडाचा धाक कोणाला? फार्महाऊसच्या राखणदाराकडे सोपवलेल्या कुत्र्याचे पुढे काय होते, हे त्यामुळे कुटुंबावरच अवलंबून राहते.

म्हणूनच व्हिसाचा अर्ज भरतानाच चिप बसवून घ्यावी.