साथीला हद्द नव्हती, नगरपालिकेला होती! अंधेरी-बोरिवली गावं होती तेव्हाची गोष्ट

आज अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड म्हटलं की टॉवर आणि लोकलची गर्दी आठवते. पण सव्वाशे वर्षांपूर्वी ही सगळी ठाणे जिल्ह्यातली, साष्टीतली गावं होती. साथीच्या काळात त्यांच्यावर जी वेळ आली, तीच आज शहरालगतच्या कोणत्याही ग्रामपंचायतीवर येऊ शकते.

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग सापडला. रुग्णांना जबरदस्तीने हलवणं सुरू झालं आणि लोक बिथरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगार आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेले. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, घरझडत्या वाढल्या. परिणाम उलटा झाला. लोक आजारी माणूस लपवू लागले, हजारोंनी शहर सोडलं. त्यांच्यासोबत प्लेगही बाहेर पडला.

मुंबई नगरपालिकेचा अंमल मात्र माहीम-शीवपाशी संपत होता. पलीकडे वांद्र्यासारखी एखादी छोटी नगरपालिका. बाकी गावांचा कारभार लोकल बोर्डाकडे, आणि बोर्डाकडे ना पैसा ना माणसं. ईस्ट इंडियन वस्त्यांत त्या काळी उभारलेले क्रूस आजही त्या दिवसांची साक्ष देतात.

पुढे मलेरियाच्या वेळी थोडं शहाणपण आलं. डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात मुंबईतल्या विहिरींतल्या डासांकडे बोट दाखवलं. नगरपालिकेने विहिरी बुजवायला, झाकायला सांगितलं. 'धर्मकार्याला विहिरीचंच पाणी लागतं,' अशी हरकत आली. तेव्हा काही ठिकाणी जाळीच्या झडपेवर तडजोड झाली. डासही अडला, पाणीही मिळालं.

१९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. अंधेरी, घाटकोपर १९५० मध्ये आणि बोरिवली, मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आले. म्हणजे एकाच यंत्रणेखाली यायला प्लेगनंतर अर्धं शतक उलटलं.

२०२० मध्ये कोरोनाच्या वेळी राज्याने तोच १८९७ चा कायदा लागू केला. शहरातून माणसं गावाकडे निघाली आणि गावोगावी वेशी बंद झाल्या. कायदा जुना, भीतीही जुनीच.

यातून ग्रामपंचायतीने घ्यायचं ते एवढंच: साथ आल्यावर शेजारच्या नगरपालिकेशी बोलणी सुरू करून भागत नाही, ती आधीच झालेली असावी लागतात. आणि दंडाआधी कारण सांगावं लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी कोरडी करायची. हे पटलं, की माणूस टाकीवरचं झाकण स्वतःहून लावतो.