कॉटन ग्रीन सुरक्षित आहे का?

'कॉटन ग्रीनला घर? रात्री सामसूम असते हो तिथं!' कापसाची जुनी गोदामं, गोदीच्या भिंती. भीती वाटणं साहजिक आहे. पण २०२२ मध्ये देशात २८,५२२ खून झाले, तर रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली, जवळपास सहापट. (छेडछाड या हिशेबात येत नाही, म्हणून दिवे हवेतच.) घर बघताना आपण चोऱ्यामाऱ्यांची चौकशी करतो, ट्रक कुठं वळतात, पदपथ चालण्याजोगा आहे का, हे कोण बघतं? रात्री रस्ता मोकळा झाला की ट्रकचा वेग वाढतो, आणि वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. सोसायटीच्या सभेत सीसीटीव्हीचा विषय निघाला, की रस्त्यावरच्या झेब्रा पट्ट्यांचाही काढावा.