साक्ष कशास म्हणावी?

बांद्याहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें थोडें पुढें गेलें म्हणजे पत्रादेवी लागते. तेथें हुतात्म्यांचें स्मारक आहे. १९५५ सालीं १५ ऑगस्ट रोजीं गोव्याच्या मुक्ततेसाठीं निःशस्त्र सत्याग्रही ह्या सरहद्दीवरून आंत शिरले, आणि पोर्तुगीज शिपायांनीं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबांतून आलेला करनैल सिंग बेनिपाल हा तरुण त्या दिवशीं येथें पडला. आमच्या शाळेंतील मुलें हें स्मारक लहानपणापासून पाहत आलीं आहेत. त्यांपैकीं जीं ख्रिस्ती घरांतलीं आहेत, तीं इगर्जींत दुसराहि एक शब्द ऐकतात. तो म्हणजे 'रक्तसाक्षी'. हे दोन शब्द एकच कीं निराळे, असें मध्यंतरीं एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें. प्रश्न लहान, परंतु त्याचें उत्तर शोधूं जातां आपल्या श्रद्धेचा अर्थच तपासावा लागतो.

मूळ ग्रीक भाषेंत 'मार्तुस' ह्या शब्दाचा अर्थ 'साक्षीदार' एवढाच आहे. त्यांत रक्ताचा उल्लेख नाहीं, मरणाचाहि नाहीं. आपण जें पाहिलें व जाणलें तें न्यायासनासमोर उभें राहून सांगणारा, तो मार्तुस. पुढें ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला आणि खरें सांगितल्याबद्दल प्राण जाऊं लागले, तेव्हां ह्या साध्या शब्दास रक्ताचा रंग चढला. म्हणून आमचें मत असें आहे कीं, साक्ष ही मुख्य वस्तु आणि रक्त हें तिच्यासाठीं दिलेलें मोल होय. मोल पाहून डोळे दिपावे आणि वस्तु मात्र विसरावी, असें होऊं नये. संतचरित्रें वाचतांना आपण पुष्कळदां नेमकें हेंच करितों. श्वापदें, ज्वाळा आणि भाले ह्यांचें वर्णन मुलांस तोंडपाठ असतें. परंतु त्या मनुष्यानें साक्ष कशाची दिली, असें विचारतांच वर्गांत शांतता पसरते.

ह्या बाबतींत अंत्युखियाचे बिशप संत इग्नेशियस ह्यांचें उदाहरण मननीय आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभीं, सम्राट ट्रेजन ह्याच्या कारकीर्दींत, त्यांस बेड्या घालून पहाऱ्यांत रोमकडे नेण्यांत आलें. तेथें श्वापदांच्या तोंडीं त्यांचा अंत व्हावयाचा होता. ह्या प्रवासांत त्यांनीं सात पत्रें लिहिलीं. त्यांतील स्मुर्णाच्या मंडळीस लिहिलेल्या पत्रांत ख्रिस्तसभेस 'कॅथोलिक' हें विशेषण लाविलेलें प्रथम आढळतें. 'समग्रास अनुसरून असलेली' असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. मराठींत आपण 'सार्वत्रिक' म्हणतों. त्या काळीं ख्रिस्ती लोक साम्राज्यांत मूठभर होते, राजसत्ता त्यांच्या विरुद्ध होती. अर्थात् हा शब्द संख्येच्या किंवा सत्तेच्या अभिमानानें लिहिलेला नव्हता. त्याच पत्रांत इग्नेशियस एका चुकीच्या मताचा निषेध करितात आणि त्याची एक खूण सांगतात: त्या मताच्या लोकांस विधवेची, पोरक्याची, बंदिवानाची, भुकेल्या-तान्हेल्याची पर्वा नसते. मरणाच्या वाटेवर असलेला मनुष्य निरर्थक शब्द लिहीत नाहीं. प्रभूच्या मेजाशीं बसावें आणि दाराशीं आलेल्या भुकेल्यास विसरावें, ही श्रद्धा त्यांच्या दृष्टीनें अपुरी आहे. आणि जी अपुरी ती समग्र कशी म्हणावी?

येथें दुसराहि एक धडा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. इग्नेशियस ह्यांचे स्नेही, स्मुर्णाचे वृद्ध बिशप संत पॉलिकार्प, ह्यांस दुसऱ्या शतकाच्या मध्यास जाळून मारण्यांत आलें. त्या घटनेचा वृत्तांत त्यांच्याच मंडळीनें लिहून ठेविला आहे. त्यांत फ्रिगियाच्या क्विंटस नामक मनुष्याची गोष्ट येते. तो आपण होऊन पुढें झाला, इतरांसहि त्यानें भरीस घातलें, आणि श्वापदें पाहतांच भयानें त्यानें श्रद्धेचा त्याग केला. उलट पॉलिकार्प मित्रांच्या आग्रहावरून प्रथम गांवाबाहेरच्या मळ्यांत जाऊन राहिले. शिपाई दाराशीं आले तेव्हां मात्र ते पळाले नाहींत. मरण शोधीत जाणें ह्यास प्राचीन ख्रिस्तसभेनें साक्ष म्हटलें नाहीं. दुसऱ्याचा जीव घेऊन मरणें ह्यास तर ती कधींच म्हणणार नाहीं.

आतां दूरच्या स्मुर्णाहून आपल्या कोंकणांत येऊं. वसईस इ. स. १५५७ च्या सुमारास संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता ह्याच देशची. बाळपणीं त्यांनीं वसईच्या कोटांत जेज्वीट गुरूंपाशीं शिक्षण घेतलें, आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते त्यांच्याबरोबर जपानास गेले. तेथील भाषा त्यांनीं उत्तम आत्मसात् केली व धर्मशिक्षकाचें काम कित्येक वर्षें केलें. जेज्वीट संघांत प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र सफल झाली नाहीं. तेव्हां ते व्यापारांत पडले. पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत त्यांनीं ब्रदर म्हणून प्रवेश केला. १५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता फिलिपाईन्सच्या गव्हर्नरांचे वकील होऊन जपानचे सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी ह्यांच्याकडे गेले, तेव्हां गोन्सालो त्यांचे दुभाषी होते. क्योटो येथें ह्या संघानें गोरगरिबांची व कुष्ठरोग्यांची शुश्रूषा आरंभिली. आमच्या मतें गोन्सालो ह्यांची साक्ष तेथेंच सुरू झाली; क्रुसावर ती पूर्ण झाली इतकेंच.

१५९६ सालीं 'सान फेलिपे' हें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें. आधीं धर्मगुरु येतात आणि मागाहून आमच्या राजाचें सैन्य येतें, अशी बढाई जहाजावरील सुकाणूवाल्यानें मारिली, असें सांगतात. हिदेयोशी ह्यांचा संशय भडकला. सव्वीस जणांस धरून, डाव्या कानाची पाळी कापून, ऐन हिवाळ्यांत क्योटोहून नागासाकीपर्यंत चालविण्यांत आलें. आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर क्रुसावर बांधून भाल्यांनीं त्यांस मारण्यांत आलें. त्यांत वीस जण जपानी होते, चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा आणि एक आमच्या वसईचा. सर्वांत लहान लुईस इबाराकी हा बारा वर्षांचा होता. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस ह्यांनीं ह्या सर्वांस संतपद दिलें.

कोणी म्हणेल, हीं माणसें परकीय साम्राज्याचीं प्यादीं होतीं. हा आक्षेप टाळून जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. साम्राज्यानें क्रुसाचा आडोसा घेतला, हें खरें. पत्रादेवीस गोळ्या झाडणारी सत्ताहि स्वतःस ख्रिस्तीच म्हणवीत होती. परंतु जहाजावरील त्या बढाईखोराची साक्ष आणि दुभाषी गोन्सालो ह्यांची साक्ष एक नव्हे. एकानें राजाच्या सैन्याकडे बोट दाखविलें; दुसऱ्याच्या हातीं शस्त्र नव्हतें, आणि कुष्ठरोग्याच्या जखमा धुणाऱ्या संघाचा तो सेवक होता. कॅथोलिक श्रद्धा कोणत्याहि निशाणाची दासी झाली कीं ती सार्वत्रिक राहत नाहीं, हा धडा ह्या दोघांच्या तुलनेंतून मिळतो. ख्रिस्ती मनुष्यानें तो इतरांच्या आधीं शिकला पाहिजे.

तर मग त्या विद्यार्थ्यास उत्तर काय द्यावें? 'हुतात्मा' ह्या शब्दांत अर्पणावर भर आहे, 'रक्तसाक्षी' ह्यांत सत्य सांगण्यावर. ख्रिस्तसभा दुसरें नांव श्रद्धेसाठीं मरणाऱ्यांसच देते. परंतु म्हणून पहिल्याचा मान कमी होत नाहीं. पंजाबचा तरुण गोव्यासाठीं पडला, त्याच्या समाधानार्थ प्रार्थना करितांना आमच्या मुलांनीं त्याचा धर्म विचारूं नये.

आणि आमच्यापैकीं बहुतेकांस ना श्वापदें भेटणार, ना भाले. साक्ष मात्र रोज मागितली जाते. वर्गांतील गरीब मुलाची थट्टा चालली असतां सारे हसतात. तेव्हां जो एकटा हसत नाहीं आणि त्याच्या शेजारीं जाऊन बसतो, त्यानें आपण काय मानतों तें सांगितलें. त्याचें रक्त सांडत नाहीं. चार मित्र कदाचित् दुरावतात. तेवढें मोल द्यावयास जो शिकला, त्यासच इग्नेशियस आणि गोन्सालो ह्यांचीं चरित्रें कळलीं असें आम्ही समजूं.