साहित्यातले मुकादम

‘कादंबरी लिहून झाली आहे, आता पैसे जमवतो आहे.’ बीड जिल्ह्यातला होतकरू लेखक आज हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारतो की ऐकणाऱ्यालाही त्यात वावगे काही वाटेनासे झाले आहे. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, तालुका कोणताही घ्या. तिथे वस्तीवरच्या शाळेत शिकवणारा, सोसायटीत कारकुनी करणारा, बी-बियाण्यांचे दुकान चालवणारा किंवा नुसतीच कोरडवाहू कसणारा एखादा तरुण निघतोच, ज्याच्या लोखंडी कपाटात पहिल्या कादंबरीचे बाड पडून आहे. दुष्काळ त्याने पुस्तकात वाचलेला नाही आणि ऊसतोडीवर गेलेल्या आईबापांची वाट पाहणे त्याला कोणी शिकवलेले नाही. लिहिण्याजोगे त्याच्याकडे उदंड आहे, आणि त्याने ते लिहिलेही आहे. आता ते छापायचे कोणी?

तो बाड पुण्या-मुंबईला पाठवतो. प्रथितयश प्रकाशनाकडून पोच येत नाही. सहा महिन्यांनी धीर करून फोन केला, तर ‘अजून वाचनात आहे’ हे उत्तर. वर्षाने केला, तर ‘कोणते हस्तलिखित?’ हा प्रश्न. नकार द्यायलाही ज्यांना सवड नाही, त्यांच्या व्यासंगाबद्दल आम्ही काय बोलावे! मग तो दुसऱ्या पंगतीतल्या प्रकाशकाकडे वळतो, आणि तिथे मात्र दोन दिवसांत उत्तर येते: कादंबरी अप्रतिम आहे, मराठी वाङ्मयात मोलाची भर घालणारी आहे, अशी कलाकृती प्रकाशित करणे हा आमचा बहुमान आहे, आणि त्याच पत्राच्या तळाशी पानांचा दर, मुखपृष्ठाचा दर, मुद्रितशोधनाचा दर आणि ‘लेखकाने घ्यावयाच्या प्रती’ यांचे कोष्टक. तीनशे पानांची कादंबरी या गृहस्थाने दोन दिवसांत वाचली काय? नाही. त्याने पाने मोजली.

या जिल्ह्याला मुकादम म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. दसरा उलटला की बीडमधून लाखो हात कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो आणि त्या कोयत्यावर मुकादम आगाऊ उचल देतो. त्या उचलीपायी किती संसार पिढ्यान्‌पिढ्या बांधले गेले, हे आम्ही जाणतो. त्या रीतीचे गोडवे आम्ही कदापि गाणार नाही. पण त्या निर्दय व्यवहारातही पहिला पैसा मुकादमाच्या हातून मजुराकडे जातो आणि मजूर पळाला तर बुडतो तो मुकादमच. साहित्याच्या फडात मात्र राबणारा तोच, घाम त्याचाच, रात्रीचे जागरण त्याचेच, आणि वर मुकादमाला उचल द्यायची तीही त्यानेच! असला मुकादम उसाच्या फडात एक हंगाम टिकला नसता.

कोणी म्हणेल, धंदा अवघड आहे. कागद महागला, विक्रेते आणि वितरक छापील किमतीतले चाळीस-पन्नास टक्के घेऊन जातात, हजाराची आवृत्ती आता पाचशेवर आणि पाचशेची तीनशेवर आली. हे सारे खरे आहे आणि आम्ही ते अमान्य करत नाही. परंतु आपल्या पारखीवर स्वतःचा पैसा लावतो, बुडाला तर सोसतो आणि तरला तर मिरवतो, त्यालाच जग प्रकाशक म्हणत आले आहे. धोका लेखकाच्या गळ्यात, प्रती लेखकाच्या पलंगाखाली आणि बोधचिन्ह तेवढे आपले, असा ज्याचा व्यवहार, त्याने पाटीवर ‘मुद्रक’ असे लिहावे. आमच्या सुभाष रोडवरचा छापखानेवाला हेच काम कमी पैशांत करून देईल, आणि वर साहित्यसेवेचा आवही आणणार नाही.

ही जमात एवढी फोफावली कशी, तेही लोकांना कळले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या बढतीसाठी प्रकाशनांना गुण लावले. आयएसबीएन असलेले पुस्तक म्हणजे गुण, गुण म्हणजे बढती, हे गणित एकदा जमल्यावर गावोगाव असल्या प्रकाशनांचे पीक आले. वास्तविक तो क्रमांक केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय संस्था विनाशुल्क देते. तरी त्याचेही पैसे लावणारे महाभाग या धंद्यात आहेत. प्राध्यापकाने दिलेले पैसे त्याला पगारवाढीतून परत मिळतात. कोरडवाहूवाल्याचे कोण देणार? एकासाठी निघालेली दुकाने दुसऱ्याला लुबाडू लागली, आणि विद्वज्जन हसत राहिले.

मराठी प्रकाशनाची रीत अशी नव्हती. १९३३ साली ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ छापले, तेव्हा विभावरी शिरूरकर हे लेखिकेचे टोपणनाव कोणाचे, हे वाचकांना ठाऊक नव्हते. गहजब झाला, पण प्रकाशक डगमगला नाही. १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने ‘कोसला’ काढली, तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीतले होते आणि ती त्यांची पहिलीच कादंबरी होती. १९८० साली ग्रंथालीने लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ वाचकांपुढे ठेवले, आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. यांतल्या कोणी लेखकाकडे आगाऊ पैसे मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मौज प्रकाशनात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखितावर ओळीओळीने काम करत, लेखकाला पुन्हा लिहायला लावत. नवख्याला पैशांइतकीच या वाचणाऱ्या डोळ्यांची गरज असते. पैसे घेऊन छापणारा ते डोळे देऊच शकत नाही, कारण हस्तलिखितात दोष सांगितला तर गिऱ्हाईक जाते. परिणामी कच्ची कादंबरी कच्चीच छापली जाते, आणि मग समीक्षक नाक मुरडून म्हणतात की मराठवाड्यातून कसदार कादंबरी येत नाही!

आणि सरकार? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत सर्व पक्षांचे पुढारी होते. मराठीचा आद्यग्रंथ म्हणून गौरवला जाणारा ‘विवेकसिंधु’ लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी आमच्या अंबाजोगाईत आहे, दासोपंतही तिथलेच. त्याच अंबाजोगाईत १९८३ साली व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. संमेलनाचे सरकारी अनुदान पन्नास लाखांवरून दोन कोटींवर गेले. मांडव वाढले, ताटे वाढली, नवोदितांनी लिहिते व्हावे अशी आवाहने वाढली. लिहिते झालेल्यांचे पुढे काय, हे त्या मांडवात कोणी विचारत नाही. पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा राज्य पुरस्कार आहे. पण तो छापील पुस्तकाला मिळतो. नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे, ही गोष्ट चांगलीच. पण तिची जाहिरात पाटोद्याच्या पंचायत समितीच्या फलकावर कोणी पाहिली आहे काय? अहिल्यानगरहून बीडला रेल्वे येण्यास २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. योजनेने तरी इथवर पोहोचायला तितका वेळ घेऊ नये.

पुरस्कारानेही पोट भरते असे नाही. ‘फेसाटी’ या पहिल्याच कादंबरीला २०१८ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळवणारे नवनाथ गोरे २०२० च्या टाळेबंदीत शेतमजुरी करत होते. सत्काराच्या शाली पांघरणारे तेव्हा कुठे होते?

उपाय नाही, ही सबब आम्ही ऐकून घेणार नाही. राज्यात दहा हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालये सरकारी अनुदानावर चालतात. त्यांपैकी दहातल्या एकाने जरी निवडलेल्या पहिल्या कादंबरीची एक प्रत घेतली, तर हजाराची आवृत्ती संपते. आज काय चालते? जो अधिक सवलत देईल त्याचा गठ्ठा उचलला जातो, आत काय आहे हे उघडूनही पाहिले जात नाही. हे बदलायला नवा पैसा लागत नाही, लाज लागते. साहित्य आणि संस्कृती मंडळाने नाकारलेल्या प्रत्येक हस्तलिखितासोबत लेखी अभिप्राय द्यावा. ज्या पुस्तकाचा खर्च लेखकाने केला आहे, त्याच्या आतल्या पानावर तसे स्पष्ट छापण्याची सक्ती व्हावी. साहित्यसेवेचा मुखवटा त्या एका ओळीने गळून पडेल, म्हणूनच या सक्तीला सर्वांत मोठा विरोध साहित्यसेवकांचाच होईल.

बीडच्या लेखकांना आमचे सांगणे एवढेच: हस्तलिखित पाठवा, पोच मागा, नकार आला तर तो लेखी मागा. बायकोचे दागिने गहाण ठेवून कादंबरी छापू नका. कोणी पैसे मागितले, तर हस्तलिखित परत घ्या आणि त्याचे दरपत्रक आमच्याकडे पाठवा. शहानिशा करून आम्ही ते नावानिशी छापू, आणि त्यासाठी तुमच्याकडून एक पैसाही घेणार नाही.